दुसऱ्या अंकातलं पत्र

रात्री नवाला सहा मिनिटं कमी असताना
कॅप्टन पत्र फाडतो.
बुधवारी, शनिवारी दुपारीही एकदा.
म्हणजे आठवड्याला आठ पत्रं,
आणि ती डिलिस लिहिते,
तळघरात, बॉयलरला खेटून मांडलेल्या टेबलावर,
चष्मा कपाळावर सरकवून.

एकोणीस वर्षं नाटक तेच.
बाहेर पाटीवरचे दिवे बदलले, बसचं भाडं,
आणि कॅप्टन. हा सहावा.
पहिला ब्रायटनला गुडघे सांभाळून असतो.
पाचवा टीव्हीवर विमा विकतो,
मिशी मात्र आमचीच ठेवलीय.

अक्षर प्रेक्षकांना दिसत नाही,
पहिल्या रांगेलाही दिसते ती कागदाची पाठ.
कोरा चालला असता, मी म्हणालो होतो.
मी कोण सांगणार! मध्यंतरात आइस्क्रीम विकतो,
उशिरा येणाऱ्यांच्या पायांपुढे टॉर्च धरतो.
ती म्हणाली,
"कोऱ्या कागदावर माणसाचे डोळे चालत नाहीत."

आधी ती नाटकातलंच लिहायची:
प्रिय एडमंड, मी थांबणार नाही.
मग कंटाळली असावी.
मग यायला लागलं, बटाटे महागले.
वरच्या मजल्यावरच्या अडेयेमींनी ट्रॉम्बोन घेतलाय, देव तारो.
मोरी तुंबली. नळ गळतोय,
एम्रिस म्हणतो उद्या बघतो.
कॅप्टन तोंडाने म्हणायचा "प्रिय एडमंड"
आणि डोळ्यांनी नळ वाचायचा.
हसू दाबताना खालचा ओठ थरथरायचा त्याचा.
एका पेपराने छापलं: दुःखातला विलक्षण संयम.

मार्चमध्ये एम्रिस गेला.
सगळे म्हणाले, घरी थांब.
ती आली. लिहिलं. नखाने घडी दाबली,
ट्रेमध्ये ठेवलं, मेणबत्तीशेजारी, रोजच्या जागी.

त्या रात्री कॅप्टनने पत्र उघडलं
आणि ओळ आलीच नाही.
नऊशे माणसं, कुणी खोकलंसुद्धा नाही.
विंगेतून ओळ पुटपुटली गेली, पुन्हा एकदा गेली.
मग बोलला तो, सगळं, "थांबणार नाही"पर्यंत.
पण फाडलं नाही.
घडी घातली, आतल्या खिशात ठेवलं.

आता पुढचा सगळा प्रवेश त्या कपट्यांवर उभा.
म्हातारी आई येते, तुकडे वेचते,
जोडून बघते, आणि तिला कळतं.
आई झालेली ऑगस्टा आली,
रिकाम्या फळ्यांकडे बघितलं तिने.
वाकली.
वेचायला लागली.
एकेक, एप्रनच्या ओच्यात,
एक तर खुर्चीखाली गेलेला, तोही हात घालून.
मी दाराशी उभा होतो.
शपथेवर सांगतो, मला कपटे दिसले.

पत्रात काय होतं ते मला विचारू नका.
त्याने सांगितलं नाही, तिला मी विचारलं नाही.

दुसरा दिवस बुधवार, दोन पत्रं.
चहा घेऊन खाली गेलो तर ती लिहीतच होती.
आज काय गं, म्हटलं.
मान वर न करता म्हणाली,
"नळ.
अजून गळतोय."