शेरा

मेच्या एकोणीसला, दुपारी सव्वाबाराला
आमचं आरोग्य केंद्र कागदमुक्त झालं.
फीत कापायला कात्री सापडेना,
ड्रेसिंगच्या ट्रेमधली उकळून आणली.
फलकावर माझं नाव, समन्वयक.
मी गोळ्या मोजणारा माणूस,
खिडकीत उभा होतो म्हणून दिसलो असेन.

टॅबलेट अकरा आले. चार्जर सात.
नेटवर्क पाण्याच्या टाकीच्या नवव्या पायरीवर,
तेही घाटंजीकडे तोंड केलं तर.
जुन्या वह्या महिनाअखेर निर्लेखित करा,
साहेब म्हणाले, आणि गाडीचा एसी सुरू झाला.

वच्छलाताई धुर्वे काही बोलल्या नाहीत.
बावीस वर्षं पाच पोडं पायी फिरतात त्या.
त्यांच्या लाल वहीत अगदी कडेला एक रकाना, शेरा.
त्यात तिरपं, बारीक:
नवऱ्यासमोर विचारू नये.
कुत्रं मोकळं असते, मागून जावं.
गोळ्या घेतो म्हणते, घेत नाही. सासूजवळ द्याव्या.
तारीख सांगता येत नाही,
मोहफुलाच्या आधी का नंतर, ते विचारावं.

टॅबलेटात शेरा नव्हता.
पुढच्या आवृत्तीत येईल, असं कळवण्यात आलं.

हे चालायचं नाही, मला तेव्हाच कळलं होतं.
गोमाजी शिपायालाही कळलं होतं,
"काऊन डोस्कं पिकवून रायले बापा,
वरून आलं हाय, वरतच जाईन."
पण मधल्या दिवसांचं काय करायचं,
ते कोणत्याच परिपत्रकात नसतं.
गाडा उलटणार हे दिसलं
की आधी बैल सोडावेत, इतकंच मला माहीत.

वह्या मी सलाईनच्या खोक्यांत भरल्या,
वर खडूनं लिहिलं, मुदतबाह्य.
सरकारी दवाखान्यात त्या खोक्याला कोणी हात लावत नाही.
किल्ली वच्छलाताईंच्या पिशवीत.

जूनमध्ये प्रमिला सिडाम रडत आली,
चोवीस वर्षांची पोरगी, नोकरीला सहा महिने.
त्रेचाळीस लेकरांच्या नोंदी
टाकीच्या सातव्या पायरीवर उडून गेल्या.
तिला वाटलं, आपलं बोट चुकलं.
मी अहवालात लिहिलं, यंत्राची चूक.
सही केली, तारीख घातली, प्रत ठेवली.
आणि सोमवारच्या सभेत सगळ्यांसमोर बोलून टाकलं,
हे बहुतेक फसणार आहे.
फसलं तर नाव माझं जाईल, तुमचं नाही.

पंखा गरगरत राहिला.
वच्छलाताई पहिल्यांदाच हसल्या,
"मंग करून पाहू ना बाप्पा."

आणि खरंच केलं त्यांनी.
भीती गेल्यावर बोटं बरी चालली.
लसीच्या फ्रिजचं तापमान तेवढं नीट बसलं,
ते आजही त्यातच भरतो आम्ही.
बाकीचं सांडत राहिलं,
मी सांडलेलं मोजत राहिलो,
दर शुक्रवारी, एका पानावर,
कोणी वाचणार नाही हे धरून.

ऑगस्टात जिल्ह्यावरून फोन,
तुमच्या केंद्राचे पत्ते फार लांब आहेत.
उघडून पाहिलं.
पत्त्याच्या चौकटीत वच्छलाताईंनी
शेरे लिहायला सुरुवात केली होती,
आणि यंत्र पंधराव्या अक्षराला सुरी लावत होतं:
पत्ता, नवऱ्यासमोर विचा.
पत्ता, कुत्रं मोकळं असते मा.

फेब्रुवारीत पत्र आलं, प्रकल्प स्थगित.
माझ्या अहवालावर लाल शाईत,
समन्वयकाचा उत्साह असमाधानकारक.
टॅबलेट जीपमध्ये चढले, अकरा.
चार्जर सहा. एकाचं गोमाजीला विचारू नका.

संध्याकाळी खोकं फोडलं.
वाटलं, नऊ महिन्यांची पानं कोरी असतील.
नव्हती.
एकोणीस मेच्या ओळीत मात्र नाव नाही,
वजन नाही, मात्रा नाही.
फक्त कडेला, तिरपं, बारीक:
आज फीत कापली.
बाया उन्हात बसून परत गेल्या.