आठ कोन

लेकीच्या गाडीवर जो बिल्ला आहे
तोच माझ्या गाडीवर आहे.
आठ कोन, मधे दोन अक्षरं.
माझा एकोणीसशे एक्कावनचा,
तिचा परवाच्या धनतेरसचा.
आडनाव विकत घेतलेल्या घराण्याशी असावं
तेवढंच काय ते नातं.

तिची गाडी बोलते.
पट्टा लावा म्हणते, दार नीट लागलं नाही म्हणते,
वर्धा रोडवर मेट्रोच्या खांबांखालून
पाण्यासारखी जाते,
आणि बाहेर सेहेचाळीस अंश असताना
आत डिसेंबर.

माझी बोलत नाही, ऐकवते.
किल्ली फिरवली की बॉनेटखाली पंप लागतो,
टक टक टक टक,
मग सावकाश,
मग थांबतो.
कार्ब्युरेटर भरला. आता चोक ओढायचा.
मे महिन्यात हे सगळं विसरायचं:
पेट्रोल नळीतच उकळतं, आणि आपण शंकरनगर चौकात
ओला टॉवेल घेऊन इंजिनाच्या उशाशी.
"काका, काऊन थांबले जी?"
थांबलो नाही बाप्पा, थांबवलंय.

चौऱ्याऐंशी साली घेतली, सदरच्या ऑलिव्हर डिक्रूझकडून,
स्कूटरसाठी साठवलेल्या पैशांत थोडे उसने घालून.
तो रेल्वेत गार्ड, मुलाकडे पर्थला निघालेला.
कागद हातात देताना म्हणाला,
टपकती है, बुरा मत मानना.
ही दोन दिवस बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसली,
आणि तेलंगखेडीच्या चढावर गाडीने मान टाकली तेव्हा
उतरून पहिला धक्का हिनेच मारला,
नवी कोरी साडी खोचून.

दारांच्या आत लाकूड आहे. एका पावसाळ्यात वाळवी लागली.
पाने मिलिमीटरचे लागत नाहीत, साध्या इंचाचेही नाहीत,
तिसऱ्याच कुठल्या मापाचे.
मोमिनपुऱ्यातले मुख्तारभाई ते जुन्या पायजम्याच्या कापडात
गुंडाळून ठेवतात, आणि उधार कुणाला देत नाहीत.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक जण आला, किंमत करायला.
खिशातून लोहचुंबक काढलं, अंगभर फिरवलं,
कुठे पत्रा, कुठे लांबी.
मग आकडा सांगितला,
माझ्या पेन्शनीच्या नऊ वर्षांचा.
"दिवे ओरिजिनल असते तर अजून."
दिवे ट्रॅक्टरचे आहेत, कळमेश्वरहून आणलेले.
त्याच दिव्यांत आम्ही एकदा रामटेकहून परत आलो,
मागच्या फळीवर झोपलेली पाच वर्षांची ऋजुता.
ते चुंबकाला कुठे चिकटणार.

आता खरं सांगतो.
मार्चमध्ये रात्री अडीच वाजता छातीवर कुणी जातं ठेवलं.
ऋजुताने गाडी काढली. काढली काय, ती निघालीच.
गोकुळपेठ ते धंतोली सात मिनिटं,
एकही खड्डा मला कळला नाही.
अर्धा तास गेला असता तर, डॉक्टर म्हणाले,
आणि वाक्य पुरं केलं नाही.
माझ्या गाडीत असतो
तर अजून चोकच ओढत बसलो असतो.
तेव्हा उपकार आहेत.
त्या बॅटरीचे, हालोलच्या कारखान्याचे,
कुठल्या दूरच्या शहरात रात्र जागून
ब्रेकचं गणित मांडणाऱ्या पोराचे.
रोज सकाळी तिच्या गाडीला हात लावून जातो,
कुणी पाहत नाही असं बघून.

पण घरी आल्यावर पहिल्यांदा मागितली ती शेडची किल्ली.

धक्का मारायचा नाही, हँडल मारायचं नाही, यादी लांब आहे.
मुख्तारभाई आले. खाली ठेवलेल्या ताटात बोट बुडवलं.
"टपकून राहिली न अजून? म्हंजे आहे आत."
माझ्याकडे पाहून म्हणाले की गाडीकडे, नक्की नाही.

ऋजुता चालकाच्या जागेवर बसली,
खांद्यामागे हात नेऊन पट्टा शोधू लागली.
तसलं काही नाही गं त्यात.
किल्ली फिरव.
टक टक टक टक.
टक.
"बाबा, बंद पडली?"
घाबरू नको, म्हणालो.
भरला की थांबतो तो.