समासातली नोंद

पाण्याला कुलूप घालणाऱ्या माणसाची मी मुलगी.
लीहाय नदीच्या बाजूने कालवा जातो ना,
त्याच्या लॉकच्या भिंतीला टेकून आमचं दोन खोल्यांचं घर.
दाराशी पाणी आठ फूट चढायचं, आठ फूट उतरायचं,
दिवसातून तीस-चाळीसदा,
आणि तितक्यांदा आईच्या फळीवरची ताटं किणकिणायची.

वळणापलीकडे शंख वाजला की बाबा उठायचे.
त्या दरीत समुद्र कुणीच पाहिला नव्हता,
तरी प्रत्येक बोटीवर एक शंख,
आणि प्रत्येकाचा आवाज बाबांना पाठ.
"हा क्रेस्गीचा. भरून येतोय."
"हा स्टाउट. आज प्यालाय."
अंगात कोट, हातात कंदील,
मग दांड्याला पाठ लावून, टाचा रोवून
ते दार असं सरकवायचे
जसं रुसून बसलेल्या खेचराला उठवावं.

क्रेस्गीच्या बोटीत नव्वद टन कोळसा.
ओढायला दोन खेचरं, त्यांच्या मागे हायरम,
वय अकरा, एक बूट बापाचा, एक भावाचा.
दिवसाला पंचवीस मैल चालायचा,
चालता चालता झोपायचा,
शेपटीचे केस मुठीत गुंडाळून.
आई त्याला काकवीत बुडवलेला पाव द्यायची.
तो डोळे न उघडता खायचा.
फिलाडेल्फियातल्या भट्ट्या त्याच्या पायांवर पेटतात
असं मला तेव्हा वाटायचं.
अजून वाटतं.

एका एप्रिलात क्रेस्गी खालून वर आला
तो रिकामा नव्हता.
ताडपत्रीखाली लोखंडी रूळ, नवेकोरे, तेल पुसलेले.
बाबांनी हात फिरवून पाहिला, काही बोलले नाहीत,
नेहमीसारखं दार लोटलं.
पाण्याने ते रूळ अलगद उचलले,
एक ओरखडा न उमटता.
उन्हाळा संपेस्तोवर ते समोरच्या काठावर अंथरून झाले होते.

पुढे म्हातारपणी
रात्री गाडीची शिट्टी झाली की बाबा उठून कोट शोधायचे.
आई म्हणायची, "निजा. ती थांबायची नाही."

आता लॉकमध्ये लव्हाळी आहेत, कासवं आहेत.
माझ्याकडे टोलची वही तेवढी उरली.
टनांना रकाना, खेचरांना रकाना,
उशिराच्या दंडालाही एक अरुंद रकाना.

नोव्हेंबरातलं एक पान. त्या रात्री धुकं होतं.
शंख वाजला आणि वाजतच राहिला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
बाबांना तो कुणाचा ते ओळखू आलं नाही.
खेचरं काठावर थांबून होती,
मागे कुणी नव्हतं.

पानावर लिहिलंय: कोळसा, नव्वद टन. खेचरं, दोन.
आणि समासात, आडवं, फिक्या शाईत:
हायरम. बूट वेगवेगळे.