सहाव्या दिवसाचं रक्त

ट्रोम्सोचा बेकर हाल्वार शेलनेस
अकरा वर्षं दुसऱ्यांसाठी पाव भाजतो.
त्याच्या आतड्याला गहू सोसत नाही;
पीठ मळताना तोंडाला फडकं.

आम्ही सांगितलं : तीन दिवस खा.
रोज चार तुकडे, स्वतःच्या भट्टीतले.
सहाव्या दिवशी हात पुढे कर.

पहिला घास गिळवेना, म्हणाला,
मग थांबवेना.
रात्री पोट धरून बसला होता, हसत.

सहावा दिवस. सूर्य नोव्हेंबरातच गेलाय,
दुपारी दोनला खिडकी काळी.
मी त्याचं रक्त जड द्रवावर सोडते,
नळीच्या काठाकाठानं, थर मोडू न देता.
यंत्र फिरतं, थांबतं.
खाली लाल गाळ, वर पिवळं पाणी,
मधे धुक्याची एक कड,
साय धरावी तशी.

ती उचलली. मोजली. नऊ कोटी पेशी.
यातल्या कुणाकुणाला गहू आठवतो?

विचारायची रीत अशी :
गव्हाच्या प्रथिनाचा एक चिमुकला तुकडा
चार हातांच्या रेणूवर बसवायचा
(एका हाताची पकड सुटते),
त्याला चमकता रंग लावून गर्दीत सोडायचं.
बहुतेकजणी बाजूनं निघून जातात.
जुनी ओळख असते त्या धरून ठेवतात.

मग लोखंडाचे कण, मग चुंबकातली नळी.
अनोळखी थेंबाथेंबानं गळून गेल्या.
मी दोनदा धुतलं. रान्नी म्हणाली, तिसऱ्यांदा धू,
मागच्या खेपेला आपण कचराच मोजला होता.
धुतलं.
चुंबक बाजूला केलं
आणि दट्ट्या दाबला.

लेझरपुढून एकेक थेंब.
पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका.
बराच वेळ काहीच नाही.
मग तीन, लागोपाठ.
शेवटी एकशे बारा.

"एवढ्याच?" फोनवर हाल्वारचा आवाज पडला.
अकरा वर्षांचा उपास
मूठभरही नसलेल्यांपायी.
मग म्हणाला, "त्या माझा पाव ओळखतात,
की कुठलाही?"

तो तुकडा कारखान्यातून येतो, भुकटी होऊन.
त्याला ना भट्टी माहीत, ना हाल्वार.
मी म्हटलं, तपासतोय अजून.

घरी जाताना त्याच्या दुकानात शिरले.
काचेवर वाफ, फडक्यावर पिठाचा थर.
एक पाव मागितला.
त्यानं तो दोनदा कागदात गुंडाळला, पैसे घेतले नाहीत,
आणि हात धुवायला आत गेला.
नळ बराच वेळ वाहत होता.