तीन बाय तीन

तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद,
वाशीच्या प्रदर्शन केंद्रात, खांबामागे,
स्वच्छतागृहाच्या बाणाखाली.
भाडं तिघांत. पंखा शेजारच्यांचा,
वळला तर आमचा.

टेबलं दोन मिळाली, भिडू तीन.
शकिला तांबोळीनं घरून इस्त्रीची फळी आणली,
ती मधल्या फटीवर टाकली,
आणि फळीवर बसला दर्पण भोईरचा खेळ : निवटी.
खाडीचा चिखल, बारा निवट्या, एक पोरगा,
दर चौथ्या पाळीला भरती.
नियम एकच, करावे गावच्या बोलीत :
भरती आली का पलायचं.
छापखान्यानं शहाणपणा करून ल चा ळ केला.
दर्पणनं दीडशे प्रतींत पेनानं
ळ खोडून ल केला.

खोकी आली त्याच्या काकांच्या टेम्पोतून,
म्हणून सगळ्यांच्याच डब्यांना सुकटीचा वास.
एका बाईंनी झाकण हुंगून विचारलं,
वास मुद्दाम दिलाय?
हो, दर्पण म्हणाला. पहिल्या आवृत्तीलाच.

शकिलाचा खेळ, कोरम.
सोसायटीची सभा, अकरा खुर्च्या,
पार्किंगचं नाव काढेल त्याची पाळी गेली.
जिंकतो तो, ज्याला सेक्रेटरी व्हावं लागत नाही.

माझा, पत्ता.
बारा वर्षं मी नेरूळ ते घणसोली कुरिअर वाटली.
नऊनंतर नऊ-ए, मग एकदम सतरा.
दहा कुठे, ते दहात राहणाऱ्यालाही सांगता येत नाही.
बावन्न पत्ते, प्रत्येकावर एक पत्ता :
हे वाक्य मी दोन दिवसांत दोनशेदा म्हणालो.
शंभरीनंतर मलाच कळेना
त्यात गंमत कुठे होती.

समोर मोठ्यांचा स्टॉल. ड्रॅगन, त्याच्या नाकातून धूर.
आमच्याकडे शकिलाच्या थर्मासची वाफ.

लहानपणी मोठी पोरं खेळात घ्यायची ती
लिंबूटिंबू म्हणून.
धाव हवं तेवढं, तू आऊट नाहीस.
तुझ्यावर राज्य येणार नाही.
तेव्हा रडू यायचं.
आता, खांबामागे, ते तितकंसं वाईट वाटत नाही.

रविवारी दुपारी शकिलाला फोन आला,
जरा बघा म्हणाली आणि तीन तास गेली.
मी कोरमचे चार डबे विकले. बोलत सुटलो,
खुर्च्यांची, गच्चीच्या चावीची, देसाईंच्या कुत्र्याची
नसलेली कलमं सांगत.
तिकडे दर्पण माझा डबा उचलून कुणाला म्हणत होता,
हा माणूस हरवत हरवत शिकलाय, घेऊन टाका.
घेतला त्यांनी.
स्वतःचं सांगताना तिघांचीही जीभ कोरडी पडायची.
मग आम्ही खुर्च्याच बदलल्या.

संध्याकाळी एक मुलगा आला, शाळेच्या मोज्यांत.
चारदा निवटी खेळला, चारदा बुडाला.
बाप दारातून हाका मारतोय.
पाचव्यांदा वाचला,
हॉलभर ऐकू जाईल असा ओरडला, आणि पळाला.
विकत काही घेतलं नाही.
दर्पण बराच वेळ त्या दाराकडे बघत होता,
हातात सुटे पैसे तसेच.

रात्री बिस्किटांच्या डब्यातला हिशेब.
कोरम अकरा, निवटी सहा, पत्ता सात.
मला सहाच आठवत होते.
सातवा कुणी घेतला?
शकिला फळीचे पाय दुमडत होती.
असेल कुणीतरी, गुरव. दोरी धर.
तिच्या पिशवीतून एक पिवळा कोपरा बाहेर आला होता,
माझ्याच डब्याचा पिवळा.
मी दोरी धरली.
काय बोलणार?
माझ्या पिशवीत शनिवारपासून एक निवटी होती,
दर्पण चहाला गेला तेव्हा
डब्यात पूर्ण पैसे टाकून घेतलेली.

घरी ती कपाटात ठेवली.
मांजर दोन दिवस
कपाटासमोरून हललं नाही.