माया

मुरारच्या छावणीलगत माझं दुकान.
फौजी वर्द्या, खांद्यावरच्या पट्ट्या,
आणि वर्षातून दोनदा एक पांढरा झगा,
फादर कुजूरांचा.
छाती छत्तीस, डावा खांदा अर्धा इंच उतरलेला.
हे त्यांच्या आईनंतर फक्त मला ठाऊक.

वडील संगमनेरहून पलटणीमागे आलेले.
अर्धं आयुष्य हिंदीत काढलं,
शिवणकाम मात्र मराठीतच बोलायचे:
"याकोब, कापडात माया ठेव.
माणूस वाढतो, वाळतो,
उसवून पुन्हा शिवावं लागतं."

जानेवारीतली रात्र. कोहरा
शटरखालून आत येत होता.
कब्रस्तानाची भिंत पडून दोन पावसाळे झालेले,
वर्गणी देऊनही एक उलटलेला.
सगुणाच्या आईच्या कबरीवर शेळ्या बसतात
आणि फादरांच्या अंगणात नवी गाडी.
मी मोबाइल घेतला.
सुईनं चाळण झालेला अंगठा
त्या रात्री कसा भराभर चालला!
लिहिलं, मेलेल्यांच्या पैशावर चाकं फिरतायत.
लिहिलं, मेंढपाळानं माया जमवली.
मुलाच्या दुसऱ्या नंबरावरून दोनशे जणांना पाठवलं,
खाली नाव घातलं नाही.
खरं सांगतो,
झोप छान लागली.

माप घेतलं नव्हतं.
गाडी कुणाच्या नावावर, विचारलं नव्हतं.
तीस वर्षं ज्याच्या गळ्यात टेप
त्यानं नुसत्या नजरेनं बेतलं, आणि कापलं.

रविवारी पाहतो तर कुणीतरी ते छापून
पवित्र पाण्याच्या भांड्यावर चिकटवलेलं.
लोक बोट बुडवत, क्रूस करत, वाचत, हसत.
आणि खाली निळ्या पेनानं वाढवलेली
आणखी एक ओळ,
सिस्टर ॲग्नेटांविषयी.
ती माझी नव्हती.
दोरा माझाच होता.

राखेच्या बुधवारनंतर झगा आला,
उजवा खिसा फाटून.
आत दतियाचं बसचं तिकीट, दोन शेंगांची टरफलं
आणि तोच कागद,
इतक्यांदा उघडून मिटलेला की घड्यांवर विरलेला.
सिस्टरांची ओळ त्यांनी
कागद फाटेपर्यंत खोडली होती.
माझ्या ओळी तशाच.
भिंतीपाशी समासात पेन्सिलीनं: 'सही बात.'
'माया' शब्दाला एक गोल,
त्यापुढे काहीच नाही.

मशीन बराच वेळ चालवलं नाही मी.
सगुणा म्हणाली, टाका चुलीत, संपलं.
पण गप्प बसणं म्हणजे काही माया नव्हे,
ती नुसती ढिली शिवण.
झगा अंगावर लोंबतो
आणि सगळे म्हणतात, वा, छान बसला.

खिसा शिवला. दुहेरी टीप.
कागदाखाली खडूनं नाव लिहिलं,
याकोब लाझरस साळवे, टेलर,
आणि झगा हातावर टाकून चालत निघालो.
रस्ता दहा मिनिटांचा, मला पाऊण तास लागला.

आधी म्हणालो, हे माझं.
मग म्हणालो, भिंतीच्या पैशाचं काय झालं?
दुसरं म्हणताना आवाज जास्त कापला.

फादर कुजूर बराच वेळ माझ्या नावाकडे पाहत राहिले.
"बसा," म्हणाले, "हिशेब माझ्याकडे अर्धाच आहे."
गाडी धर्मप्रांताची निघाली.
बाकीचं सांगताना मध्येच
एक वाक्य त्यांनी गिळलं.
ते मी पुन्हा विचारणार आहे,
त्यांच्याच दारात, त्यांच्याच तोंडावर,
दार लोटून घेऊन.

निघताना झगा चढवून पाहिला त्यांनी.
डावा खांदा आता पाऊण इंच उतरलाय.
आत माया होती म्हणून
उसवता येईल.

भिंत अजून पडलेलीच आहे.
सिस्टर ॲग्नेटा हल्ली पहिल्या मिस्साला येतात,
अंधारातच,
आणि कुणी बाहेर पडायच्या आत निघून जातात.