प्रश्न सतरावा

सोहार बंदराकडे तोंड करून बसलेली ओपीडी.
काचेवर धूळ, धुळीपलीकडे क्रेन,
अलीकडे अब्दुलगफूर नाखवा, बाणकोटचे.
आडनाव नाखवा, काम मात्र टगबोटीवर भंडाऱ्याचं,
तेवीस वर्षं दुसऱ्यांना वाढण्यात गेली.

माझ्या हातात फॉर्म.
उत्तरं एक ते चार:
मुळीच नाही, थोडं, बरंच, खूप.
छापील अरबी आहे, इंग्रजी आहे,
मराठी मी तोंडी करते.

पहिल्या खेपेला विचारलं होतं, गिळायला त्रास होतो?
"काय गिळायला, ते सांग बाय.
भात, की कप्तानाचे बोल?"
मी चार लिहिलं. भाताचे.

मग अन्ननलिका काढली,
जठराचीच नळी करून वर ओढली, गळ्याशी शिवली.
चित्र काढून दाखवलं तर म्हणाले,
"म्हणजे भूक आता काळजाच्या शेजारी बिऱ्हाडाला आली."

आज सहा महिने.
अठरा किलो उतरलेत. आवाज घोगरा.
रात्री तीन उशांना टेकून, बसल्यासारखीच झोप.
गिळणं: दोन. दुखणं: एक.
आकडे शहाण्या मुलांसारखे खाली येत होते

आणि सतरावा.
दुसऱ्यांसमोर जेवताना अवघड वाटतं?
"तीन लिही."

मी जुना फॉर्म काढला. तिथे एक होता.
माझ्याच अक्षरात, मुळीच नाही.

हसले. हसताना छातीवर हात ठेवावा लागतो.
"तेव्हा कुणासमोर जेवत होतो मी?
रोजा आहे सांगायचो,
रमजान सरून दोन महिने झाले तरी.
जिन्यात बसून पेज प्यायचो, भिंतीकडे तोंड करून.
आता बसतो. सहा जण, एक थाळा.
त्यांचं आटपतं, माझे चार घास व्हायचे असतात.
तो रकीबुल, सिल्हेटचा पोरगा,
पोट भरलं तरी हात काढत नाही थाळ्यातून,
एकेक शीत वेचत बसतो,
मी एकटा पडू नये म्हणून.
अवघड वाटतं गं. लई.
पण चार नको, तीनच लिही."

तीन लिहिलं.
सोमवारी डॉक्टर रईसी विचारतील,
सगळं सुधारलं, हा एकच का बिघडला?
समासात जागा आहे बोटभर,
पण समास कुणी मोजत नाही.

खाली उतरताना पाहिलं,
बस थांब्याच्या सावलीत नाखवांनी डबा उघडला होता,
रस्त्याकडे तोंड करून.